तीन अधोल्या भात

आमच्या शेताला दोन मालक होते. एकाचं नाव सातबाऱ्यावर होतं, दुसरा बांधात राहायचा. सातबाऱ्यावरचे मालक म्हणजे माझे बाबा. ते राब भाजायचे, लावणी करायचे, सोसायटीचं कर्ज काढायचे आणि आभाळाकडे बघत बसायचे. बांधातला मालक यातलं काहीच करायचा नाही. तो फक्त भात पोटरीत यायची वाट बघायचा.

रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता. आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी. खाचरं एकाखाली एक, पायऱ्यांसारखी ओढ्यापर्यंत उतरत गेलेली. अशा शेतात सगळी मदार बांधावर असते. बांधानं पाणी धरलं तर भात, नाही तर गवत. आणि उंदराला राहायला नेमका तोच बांध लागतो. पावसाळ्यात चहूकडे पाणी, तेवढा बांधच काय तो कोरडा. तो आतून पोखरत जायचा, आणि एखाद्या सकाळी बघावं तर वरच्या खाचरातलं पाणी रातोरात खालच्यात उतरलेलं असायचं. वरचं भात कोरडं, खालचं बुडालेलं.

हा उंदीर घरातल्या उंदरासारखा नसतो. अंगानं जाडजूड, तोंड आखूड, रंग काळपट, शेपटी अंगापेक्षा कमी. डिवचला तर अंगावरचे केस फुलवून घुर्र करतो, पळून जायचं नाव घेत नाही. पुढे नोकरीत असताना शेतीखात्याच्या एका पुस्तिकेत वाचलं की शास्त्रात त्याला बँडिकोटा बेंगालेन्सिस म्हणतात आणि इंग्रजीत मोल रॅट. युरोपात मोल नावाचा एक प्राणी जमिनीखाली राहतो आणि बागांमधून मातीचे ढीग वर काढत जातो, त्याच्यावरून हे नाव. आमच्या बांधावरही तसेच ढीग असायचे. सकाळी ताजी, ओली, भुसभुशीत माती दिसली की बाबा म्हणायचे, "घ्या, मालकांनी घर वाढवलं."

भात पोटरीत आलं की तो बुडख्यातून ताटं कापायचा. काप तिरका, विळ्यानं मारल्यासारखा. लोंबी भरली की ती ओढून बिळात न्यायची. खायचा त्याच्यापेक्षा साठवायचा जास्त.

बाबांनी एकदा आठवडी बाजारातून लोखंडी चाप आणला. दात असलेला, पत्र्याचा, नवाकोरा. आम्हा पोरांना त्याचं फार कौतुक. त्याला सुकटाची पुडी बांधून बिळाच्या तोंडाशी लावला. पहिल्या रात्री एक उंदीर सापडला. बाबांनी तो शेपटीला धरून साऱ्या आळीला दाखवला. दुसऱ्या रात्री काही नाही. तिसऱ्या रात्री एक चिंबोरी सापडली, ती आजीनं कालवणात घातली. त्यानंतर महिनाभर चाप तसाच. उंदीर त्याला वळसा घालून जायचे. ओल्या मातीत त्यांच्या पावलांची नवी वाट दिसायची, चापापासून बरोबर हातभर लांब.

हे बघून हसला तो वाडीवरचा आजा.

गावापासून मैलभरावर, माळाच्या कडेला कातकऱ्यांची वाडी होती. आजा तिथला. त्याचं नाव सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण आम्ही पोरं त्याला आजाच म्हणायचो. बाबांच्या दुप्पट वयाचा, तरी बाबा त्याला 'अरे' म्हणायचे आणि तो बाबांना 'दादा'. त्या वयात मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळेच तसं बोलायचे.

"दादा, ह्यो चाप बाजाराचा वास घेऊन आलाय," तो म्हणाला. "उंदराला डोळा कमी, पण नाक लय. आन् त्याच्या दारात नवी वस्तू ठेवलीस तर तो कशाला हात लावल?"

मग त्यानं मला दगडाचा चाप शिकवला. मलाच का, तर मी त्याच्या मागे मागे फिरायचो म्हणून. पाटाएवढी चपटी चीप शोधायची. तिच्याखाली दुसरा सपाट दगड, नाही तर मऊ मातीत उंदीर दबतो आणि निसटतो. वरची चीप तीन कांबट्यांवर तोलायची. एक उभी, एक तिरकी, एक आडवी. तिघींना खाचा पाडून एकमेकींत अडकवायचं. आडवीच्या टोकाला, चिपेच्या पोटाखाली, आमिष. उंदरानं आमिष ओढलं की आडवी निसटते, तिच्यामागून बाकीच्या दोन, आणि चीप खाली.

सांगायला सोपं. पण चीप तोलताना माझा डाव्या हाताचा अंगठा दोनदा सापडला. दुसऱ्यांदा नख गेलं, ते परत आलं ते वाकडंच. अजून तसंच आहे.

त्याचे नियम होते. चाप बिळाच्या तोंडाशी लावायचा नाही, उंदराच्या वाटेवर लावायचा, बांधाच्या कडेकडेनं. हाताला आधी त्याच बांधाची माती चोळायची. कांबट्याही त्याच मातीत घोळवायच्या. आणि पहिल्या दोन-तीन रात्री चाप ताणायचाच नाही. चिपेखाली नुसते दाणे ठेवायचे, ते उंदरानं खाऊन जायचे.

"फुकट खाऊ द्यायचं?" मी विचारलं.

"आधी त्याला पाव्हणा कर," आजा म्हणाला. "पाव्हणा झाला की मंग तो बघत नाय कुटं बसतोय ते."

चौथ्या रात्री चाप ताणला. पहाटे कावळे उठायच्या आधी गेलो. पाच चापांत तीन उंदीर. लोखंडी चाप त्या दिवसापासून आमच्या माळ्यावर गेला.

पण चाप हे उभ्या पिकातलं काम. खरं काम कापणीनंतरचं. भात कापून भारे खळ्यात गेले, शेतं मोकळी झाली की वाडीवरची माणसं पहारी, कुदळी घेऊन बांधावर यायची. सोबत पोरं आणि एखादा किडकिडीत कुत्रा. आजा आधी नुसता बांधावरून चालायचा. मध्येच थांबून टाच आपटायचा. कुठे पोकळ वाजतं ते ऐकायचा. उंदराच्या घराला पुढचं दार असतं तसं मागचंही असतं, आणि ते मागचं दार पातळ मातीनं झाकलेलं असतं, वेळ आली की एका धडकेत फुटावं म्हणून. आजा ते दार आधी शोधायचा आणि तिथे नातीला काठी देऊन उभी करायचा. नात माझ्याच वयाची. मग पुढच्या दाराशी बूड फुटलेलं मडकं पालथं घालायचं, त्यात पेंढा आणि गोवरी पेटवायची आणि बुडाच्या भोकातून फुंकर मारायची. धूर आत. सगळा बांध हळूहळू वाफाळायला लागायचा. जिथून धूर निघेल ते भोक मातीनं बुजवायचं. शेवटी एकच दार उरायचं आणि तिथे नात.

मग खणायचं. आत गेलं की वेगवेगळ्या खोल्या. एका खोलीत पेंढ्याचं मऊ अंथरूण आणि त्यावर कधी कधी सहा-आठ गुलाबी पिल्लं. आणि पुढे कोठारं. त्यात लोंब्या अशा नीट रचलेल्या की बाईच्या हातानं रचाव्यात. एकेका बिळातून शेर-दोन शेर भात निघायचं, जुनं मोठं घर असेल तर जास्त.

याचा गावात रिवाज ठरलेला होता. कुणी लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना माहीत होता. उंदीर खणणाऱ्याचा. बिळातला दाणाही खणणाऱ्याचा. त्यानं फक्त बांध होता तसा करून द्यायचा. बिळं बुजवायची, ढेकळं फोडायची, माती थरांनी भरून टाचेनं दाबायची. आजा हे काम उंदीर धरण्याइतकंच मन लावून करायचा. दाबून झालं की बांधावर उभा राहून एकदा उडी मारायचा. दबलं नाही तर म्हणायचा, "झालं," आणि टोपली उचलायचा.

मी सहावीत होतो त्या वर्षी पावसानं भादव्यात दडी मारली. भात निसवायच्या वेळी खाचरं भेगाळली. कापणी झाली तेव्हा भारे नेहमीच्या निम्मेही नव्हते, आणि जे होते त्यात पोचट जास्त. सोसायटीचा हप्ता होता. मोठ्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. बाबा रात्री झोपायचे नाहीत, ओटीवर बसून विड्या ओढायचे.

दिवाळी झाली आणि वाडीवरची माणसं नेहमीसारखी आली. त्यांनाही घाई होती. कोळशाच्या भट्टीवर जायची उचल त्यांनी मुकादमाकडून घेतलेली होती, एक-दोन दिवसांत ट्रक येणार होता. आजानं आणि त्याच्या घरच्यांनी दिवसभर आमचे बांध खणले. संध्याकाळी टोपल्या भरल्या. बाबा खळ्यावरून आले आणि टोपल्यांकडे बघत उभे राहिले.

"भात ठेव," ते म्हणाले.

आजाला कळलं नाही. "काय दादा?"

"भात माझ्या शेतातलं आहे. उंदीर तुझे, ते ने. भात ठेव."

कुणी काही बोललं नाही. कुत्रासुद्धा खाली बसला. मग आजा म्हणाला, "ठेवतो दादा. पन येक सांग. म्या खणला नसता तर ह्ये भात तुझ्या घरी येनार होतं काय?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. ते सगळ्यांना खळ्यावर घेऊन गेले आणि घरातून अधोली आणवली. जास्त घेतलं असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी ते भात मोजून घेतलं. आयुष्यभर हिशेबी माणूस, अन्यायही मापानं केला. मी पोत्याचं तोंड धरून उभा होतो. एक अधोली. दोन. तीन. तिसरी काठोकाठ भरली आणि टोपल्या रिकाम्या झाल्या. दीड पायली. आजाची नात माझ्यासमोर उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, मापाकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

आजा तेवढ्यावर निघून गेला नाही. अंधार पडेपर्यंत त्यानं राहिलेला बांध भरून दाबला. मग गेला.

घरी आजीनं पोतं उघडून बघितलं आणि तोंड बांधून ओटीच्या कोपऱ्यात लोटलं. "उंदराच्या तोंडचं माझ्या चुलीवर चढणार नाय," एवढंच म्हणाली. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करून बाहेर गेले. मला तेव्हा वाटलं, आजीला विटाळाचं पडलंय. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा नसताना तिनं ते पोतं माझ्या खांद्यावर दिलं. "वाडीवर दे जा. बाबाला बोलू नको. आन् त्याला म्हणावं, माजं पोर वाईट नाय, वरीस वाईट हाय."

मी गेलो. वाडीवर कुणी नव्हतं. ट्रक पहाटेच येऊन गेला होता. झोपड्यांच्या दारांना काटेरी फांद्या लावलेल्या, चुली थंड. मागे राहिलेली एक आंधळी म्हातारी एका दारात बसली होती. तिनं "कोण?" म्हणून विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

पोतं तिच्यापाशी ठेवता आलं असतं. परत आजीकडे आणता आलं असतं. मी ते घेऊन वाण्याच्या दुकानात गेलो. पोरांनी घरातलं भात चोरून दुकानात घालायचं हे तेव्हा सर्रास चालायचं, वाणीही काही विचारायचा नाही. मी गोडी शेव घेतली आणि एक शाईचं पेन. शेव ओढ्याकाठी बसून खाल्ली. घरी येऊन आजीला सांगितलं, "दिलं." ती म्हणाली, "काय म्हणाला?" मी म्हणालो, "काही नाही. हसला." आजीचा चेहरा सैल झाला. त्या पेनानं मी सातवीची परीक्षा दिली आणि केंद्रात पहिला आलो.

आजा भट्टीवरून परत आला नाही. तिकडेच ताप येऊन गेला असं जेठात कळलं. बाकीचे आले, पण कापणीनंतर आमच्या बांधावर कुणी फिरकलं नाही. शेजारच्या बांधावर खणायचे, आमची हद्द आली की पहारी खांद्यावर टाकून पुढे जायचे. बाबांनी बोलावलं नाही. बोलवायला तोंड नव्हतं असं मी आज म्हणतो, तेव्हा ते म्हणायचे, "गरज काय? औषध आहे."

औषध म्हणजे झिंक फॉस्फाईड. काळी पूड, लसणासारखा उग्र वास. ग्रामसेवकानं नीट समजावून दिलं होतं. दोन-तीन दिवस नुसता भरडा तेल लावून बिळात टाकायचा आणि मग शंभर भागांत दोन भाग औषध कालवून. मला आजाचा पाव्हणा आठवला. युक्ती तीच होती. पहिल्या वर्षी उंदीर पटापट मेले. बाबा खूश झाले. पण जे अर्धवट खाऊन वाचले ते शहाणे झाले, पुढच्या वर्षी त्या भरड्याला तोंड लावेनात. मग एकदा परडीत सांडलेला भरडा आजीच्या कोंबड्यांनी टिपला. सात कोंबड्या संध्याकाळपर्यंत आडव्या. या विषावर उतारा नसतो.

पण खरी गोष्ट आम्हाला तिसऱ्या पावसाळ्यात कळली. औषधानं उंदीर मरतो, बीळ मरत नाही. मेलेल्याचं घर रिकामं राहतं, आणि शेजारच्या शेतातला दुसरा त्यात आयता राहायला येतो. नाहीच आला तर पाणी येतं. आमचे बांध तीन वर्षं कुणी खणले नव्हते, म्हणजे तीन वर्षं कुणी बुजवलेही नव्हते. श्रावणातल्या एका रात्री वरचा बांध फुटला, त्याच्या लोंढ्यानं खालचा, मग त्याच्याखालचा. सकाळी चार खाचरांतली लावणी ओढ्यात गेलेली होती. बाबा फुटक्या बांधाशी उभे होते. आतली बिळं उघडी पडली होती, पोकळ, हात जाईल एवढी. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तो हे फुकट करत होता." आजाबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं तेवढं एकच वाक्य. दीड पायली भाताच्या बदल्यात आमचे सगळे बांध दरवर्षी नवे होत होते, आणि आम्ही समजत होतो की आम्हीच त्याला देतोय.

बाबा गेले, आजी त्याच्या आधीच गेली. तिला खरं मी कधीच सांगितलं नाही. नोकरीत माझी तीस-बत्तीस वर्षं बाहेर गेली. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा निम्मी खाचरं पडीक होती. दोन मी पुन्हा लावली. उंदीर आलेच. मी चिपा शोधल्या, कांबट्या तासल्या. हात विसरले नव्हते. मुलगा मुंबईहून फोनवर म्हणतो, "बाबा, औषध टाका ना सरळ." मी वाकड्या नखाकडे बघतो आणि विषय बदलतो.

गेल्या कार्तिकात भात कापून झालं आणि सकाळी बांधावर एक जवान पोरगा उभा दिसला. खांद्यावर पहार, सोबत दोन लहान मुलं. वाडीवरचा. मी म्हणालो, "ये ना, खण की."

तो बांधाखालीच उभा राहिला. "काका, आदी सांगा. भात कुणाचं?"

"म्हणजे?"

"आई म्हनते, या बांधावर आदी विचारायचं."

मला खाली बसावं लागलं. "तुझी आई कोण?" मी विचारलं. त्यानं नाव सांगितलं. मडक्यातून धूर निघायचा तेव्हा मागच्या दाराशी काठी घेऊन उभी असायची, ती.

"भात तुझं," मी म्हणालो. "उंदीरही तुझे. बांध तेवढा दाबून दे."

त्यानं दिवसभर खणलं. संध्याकाळी मी माळ्यावरून अधोली काढली. तिच्यावर कोळ्यांनी जाळी केली होती, ती पुसली. कणग्यातलं भात मोजून पिशवीत भरलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. काय झालं होतं ते सगळं सांगितलं. खळं, पोतं, रिकामी वाडी, दुकान. त्यानं पहारीवर हात ठेवून ऐकून घेतलं. कडू काही बोलला नाही, गोडही नाही. शेवटी विचारलं, "मंग दुकानातनं घेतलं काय?"

"गोडी शेव. आणि एक पेन."

"पेन चाललं?"

"चाललं. सातवीपर्यंत."

त्यानं मान हलवली. बांधावर जाऊन उभा राहिला आणि एकदा जोरात उडी मारली. बांध दबला नाही. पिशवी उचलून पोरांना घेऊन तो गेला. पिशवी घेईल की नाही अशी दिवसभर मला धाकधूक होती.

दोन दिवसांनी तो शेजारच्या बांधावर खणत होता. मला बघून लांबूनच ओरडला,

"काका, आईनं मोजलं. म्हनली, माप बराबर हाय."